संकासुराची झोप

माझ्या आयुष्यातली पहिली शस्त्रक्रिया मी तांदूळ धुवायच्या रोवळीत केली. पेशंट वीतभरसुद्धा नव्हता, नर्स माझी आई होती, भूल देणारी मीच आणि कापणारीही मीच. हल्ली मी वैभववाडीपासून बांद्यापर्यंत गावोगाव फिरून बायकांना शोभेचे मासे कसे वाढवायचे ते शिकवते. टाक्या, खाद्य, पिल्लं हे सगळं त्या मान डोलावत ऐकतात. पण माशाला औषधाच्या पाण्यात झोपवायचं प्रात्यक्षिक आलं की मागच्या रांगेतल्या बायका पुढे येऊन बसतात. मासा आडवा झाला की कुणीतरी हमखास ओरडतं, "मेलो गो बाय!" आणि तो शेपूट हलवून उठला की टाळ्या. मी नाटकवाल्याची पुतणी, टाळी कुठे येणार ते मला बरोबर कळतं. म्हणून मासा उठायच्या जरा आधी मी मुद्दाम चेहरा पाडते, घड्याळाकडे बघते, "अरेरे" म्हणते. सगळ्या गप्प होतात. तो चेहरा खोटा असतो, पण शिकले मी तो खऱ्या प्रसंगात. ती हकिकत सांगते.

आमचं घर वालावलच्या पलीकडे, खाडीकडे उतरणाऱ्या वाटेवर. घरात माणसं चार: हायस्कुलात विज्ञान शिकवणारे माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, आई, बारावीत गणितानं धरून आपटलेली मी, आणि दादांचे थोरले भाऊ आपाकाका. सकाळ व्हायची ती आईच्या बिड्याच्या तव्यावर घावण्याचं पीठ पडल्याच्या 'चर्र' आवाजानं. पाठोपाठ दादांचा रेडिओ, मग परड्यात माडाचं झावळ कोसळायचं आणि आई चुलीसमोरूनच विचारायची, "कोणाच्या टकलार पडला काय?" आणि या सगळ्याच्या वर आपाकाकांचा आवाज. त्यांनी दशावतारी कंपनीत चाळीस वर्षं काढलेली. त्यांना पाणी हवं असलं तरी ते "आणा रेऽ जल!" असं मागायचे, आणि पेजेत मीठ कमी झालं तर शाप द्यायचे. दादा म्हणत, "आपा, हे घर आहे, रंगमंच नव्हे." त्यावर आपाकाका उत्तर देत, "रंगमंचार लोक माका नारळ देयत. हंय मीठसुदा मिळणा नाय."

त्यांचं गाजलेलं काम संकासुराचं. दशावतार ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: डोक्यापासून छातीपर्यंत काळा बुरखा, त्यातून लोंबणारी लाल जीभ, असा हा राक्षस वेद चोरतो, येताजाता सगळ्यांची टिंगल करतो, पोरांना घाबरवतो आणि त्यांच्या आयांना हसवतो. शेवटी देव माशाचं रूप घेतो आणि त्याला मारतो. आपाकाका चाळीस वर्षं रोज मेले, आणि मेल्यावर उठून बुरखा झटकून त्याच रात्रीच्या नाटकात दुसरं सोंग घ्यायला गेले. मरणाची त्यांना सवय होती असं आपलं आम्हांला वाटायचं.

शेवटचा प्रयोग करून कंपनीला रामराम ठोकला, त्या दिवशी ते बांद्याच्या बाजारातून पिशवीभर पाणी घेऊन घरी आले. पाण्यात एक मासा. कोळशासारखा काळा, पोट सुटलेलं, शेपूट नऊवारीच्या सोग्यासारखं, आणि डोक्यावर फुलकोबीसारखा मांसल टोप. या जातीला ओरांडा म्हणतात हे मला नंतर कळलं. आईनं पिशवी उजेडात धरून बघितली आणि विचारलं, "ह्येचा काय करूचा? जेवणाक तिकला?"

"शिव शिव!" आपाकाका दोन पावलं मागे सरकले, छातीवर हात. "ह्यो संकासूर आसा! माझ्यासारखोच काळो, माझ्यासारखोच टोपवालो. माझ्या जाग्यार ह्येका ठेवतंय."

मागीलदारी, विहिरीच्या जुन्या सिमेंटच्या रिंगला तळ घालून त्यांनी त्याला घर करून दिलं. उकडलेल्या अंड्याचा बलक चिमटीनं खिलवायचे. खिलवण्याआधी रिंगच्या कठड्यावर मधल्या बोटातल्या अंगठीनं संकासुराच्या प्रवेशाचा ठेका वाजवायचे: ताक धिन्, ताक धिन्, धाऽ. 'धा'ला मासा वर. तो पाहुण्यांना दाखवायचा खेळ झाला होता. मी वाजवलं तर यायचा नाही, दादांनी पेन्सिलीनं वाजवलं तर तोंड फिरवायचा. दादा म्हणायचे, कंपनांमुळे येतो. "मगे तुझ्या पेन्सिलीची कंपनां खंय गेली?" आपाकाका विचारायचे, आणि विज्ञान पेन्सिल खिशात घालून आत निघून जायचं.

दोनेक वर्षांत दोन गोष्टी घडल्या, आणि त्या दोन्ही हळूहळू घडल्यामुळे आमच्या लक्षात उशिरा आल्या. एक म्हणजे आपाकाकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आधी त्यांनी घावणा समजून केळीच्या पानाला हात घातला, मग आरशासमोर उभं राहून दादांना हाक मारली; अखेरीस उजेड आणि सावली एवढंच उरलं. दुसरी म्हणजे संकासुराचा टोप वाढत वाढत त्याच्या दोन्ही डोळ्यांवर आला. बलक समोर असला तरी त्याला दिसेना. ठेका ऐकून वर यायचा, पण कठड्याला थडकायचा आणि तोंडानं चाचपत बसायचा. तो वाळला. आपाकाका बोटांनी चाचपत बलक सोडायचे, तो तोंडानं चाचपत शोधायचा. आई एकदा ते बघून आत निघून गेली आणि त्या दिवशीची सुकटीची किसमूर खारट झाली.

खरं म्हणजे तिसरीही एक गोष्ट घडली होती, ती आम्ही लपवली. संकासूर काळा राहिला नव्हता. या काळ्या माशांचं पुष्कळदा असं होतं: आधी पोट तांबूस होतं, मग कूस, आणि एक दिवस बघावं तर सगळा मासा पिकल्या काजूच्या बोंडासारखा. आपाकाकांना ते दिसत नव्हतं. रोज संध्याकाळी ते विचारायचे, "काय गो शुभा, काळो कुळकुळीत आसा मां?" पहिल्यांदा मी आईकडे बघितलं, आईनं दादांकडे, आणि सत्याचे प्रयोग शिकवणारे माझे वडील स्वच्छ आवाजात म्हणाले, "डांबरासारखा आहे." पुढे ते रोजचंच झालं. मायेपोटीच बोललो होतो. पण मायेनं बोललेलं खोटंसुद्धा कधीतरी अंगाशी येतंच.

मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया असते हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कुडाळच्या डॉक्टरांनी एकदा तपासून सांगितलंही होतं, पिकलाय, उशीर केलात तर आत बिघाड होईल, मग काही करता येणार नाही. पण आपाकाका ऐकेनात. त्यांच्या कंपनीतला पेटीवाला हर्निया काढायला गेला होता, त्याला भूल दिली आणि तो उठलाच नाही. "मरणाक भियालो नाय मी कधी," ते म्हणायचे. "पण मेल्यार उठूक येता ह्या माका म्हायत होता. निजवून मारतले तर उठाचा कसा?" हे बोलताना आवाजात नाटक नसायचं.

त्याच दिवसांत मालवणात शोभेच्या माशांचं तीन दिवसांचं शिबिर झालं. दादांनी मला धाडलं, कारण घरात मी दोनच गोष्टी करत होते: पुन्हा परीक्षेला बसायचं टाळणं आणि खापरोळ्या खाणं. तिथे एका शांत, चष्मेवाल्या सरांनी घमेलंभर पाण्यात लवंगेच्या तेलाचे थेंब टाकून गोल्डफिश झोपवून दाखवला. मासा आधी आळसावला, मग कलंडला, मग पाठीवर झाला. सरांनी त्याला हातात उचललं, खवला तपासला, साध्या पाण्यात सोडलं आणि तो पोहू लागला. माझ्या डोक्यात घंटा वाजली ती अजून थांबलेली नाही. चहाच्या वेळेला मी सरांना गाठून टोपाचं सांगितलं. ते म्हणाले, "टोप कापता येतो. त्यात फारसं रक्त नसतं, दुखणंही कमी. फक्त डोळा सांभाळा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कल्ल्यांवरून नजर हलवायची नाही. कल्ले चालू आहेत तोवर झोप. कल्ले थांबले की ती झोप नव्हे."

घरी येऊन मी हे सगळं हातवारे करून सांगितलं. आपाकाका पडवीत खांबाला टेकून ऐकत होते. सांगून झाल्यावर त्यांनी माझ्या आवाजाकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "म्हणजे तू त्येका भूल देतलंस."

"व्हय."

"आणि तो उठतलो."

"उठतलो."

"बरा." ते सरळ बसले, आणि मला कळलं की आता संवाद येणार. "मगे आयका. संकासुराक निजवन उठवून दाखव. तो उठलो, तर मीव कुडाळाक जातंय. तो नाय उठलो, तर ह्या घरात परत कोणी माझ्या डोळ्यांचा नाव काढूचा नाय. बोल, चेडवा."

मी दादांकडे बघितलं. दादा पेपर खाली ठेवून माझ्याकडे बघत होते. एवढ्या लक्षपूर्वक त्यांनी माझं प्रगतिपुस्तकसुद्धा कधी बघितलं नव्हतं. मी "व्हय" म्हटलं. अठराव्या वर्षी माणूस कशालाही व्हय म्हणतो.

तयारीला आठ दिवस गेले. लवंगेचं तेल घरात होतंच, दादांच्या दाढेसाठी. पण पहिल्याच चाचणीत ते पाण्यावर तवंग होऊन नुसतं तरंगत राहिलं, आणि चाचणीसाठी घेतलेला साधा तांबडा गोल्डफिश त्याखाली मजेत फिरत राहिला. दादांनी वर्गात उभं राहावं तसं सांगितलं, "तेल आणि पाणी मिसळत नाहीत, शुभा. आधी मद्यार्कात मिसळ." आता शिक्षकाच्या घरात मद्यार्क कुठला? सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. आपाकाका म्हणाले, "माझ्या ट्रंकेत बघ. खोकल्याचा औषध आसा." ती काजूची फेणी होती, आणि खोकला आपाकाकांना माझ्या जन्मापासून कधी झाला नव्हता. आईनं बाटलीकडे अशा नजरेनं बघितलं की बूचसुद्धा आपसूक निघालं असतं. पण छोट्या बाटलीत फेणी आणि तेल घालून हलवलं तर सुरेख दुधाळ औषध तयार झालं. पाण्यात टाकलं की लगेच विरघळून जायचं, आणि सगळ्या घराला असा वास यायचा की शेजारची वयनी कुंपणावरून विचारायची, "आज मटण काय गो?" तांबड्या गोल्डफिशला त्या पाण्यात मी तीनदा झोपवलं, तीनदा उठवलं. कधी कलंडतो, कधी पाठीवर होतो, किती वेळानं जागा होतो, सगळं दादांच्या घड्याळावर बघून वहीत लिहिलं. गणितात नापास झालेल्या मुलीची ती वही दादांनी जपून ठेवलेली, ते गेल्यावर मला सापडली.

ठरलेल्या सकाळी मागीलदारी थाटच होता. एका घमेल्यात औषधाचं पाणी, दुसऱ्यात रिंगमधलंच स्वच्छ पाणी, रोवळीत ओला पंचा, आणि उकळून ठेवलेली नखं कापायची बारीक कात्री. आईनं केस घट्ट बांधले होते. आपाकाकांनी अंघोळ करून धूतवस्त्र नेसलं आणि नारळ पुढे ठेवून गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे घराची कौलं परतायची असोत की मुलगी बघायला जायची असो, गाऱ्हाण्याशिवाय पान हलत नाही. एक माणूस देवाला सगळी हकिकत सांगतो आणि बाकीचे हात जोडून, डोळे मिटून प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. मध्ये तोडायचं नाही, हा नियम. अर्धवट राहिलेलं गाऱ्हाणं म्हणजे अर्ध्यावर ठेवलेला देव. आपाकाकांनी ते नेटकं, मोजकं घातलं, नारळ फोडला, आणि मी संकासुराला औषधाच्या पाण्यात सोडलं.

तो दोन फेऱ्या फिरला. मग शेपटाचा सोगा संथ झाला. मग तो एका कुशीवर झुकला, सावरला, पुन्हा झुकला. कुणी बोलत नव्हतं. मी कल्ले मोजत होते, दादा घड्याळ धरून होते. आणि नेमकी तीच शांतता आपाकाकांना सोसवली नाही. त्यांना काही दिसत नव्हतं. चाळीस वर्षं मृदंगाच्या गजरात मेलेल्या माणसाला एवढी निःशब्द झोप कशी कळावी? त्यांनी हात जोडले आणि खणखणीत आवाजात दुसरं गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजाऽ, आज ह्या चेडवान ह्या मुक्या जिवाक निजवल्यान आसा!"

"व्हय म्हाराजा!"

हे 'व्हय म्हाराजा' कोण म्हणालं? आई म्हणाली. दादा म्हणाले, ते विज्ञानवाले, हातातल्या घड्याळासकट हात जोडून. आणि मी म्हणाले. हात जोडून, डोळे मिटून. आज मला कुणी विचारतं, तुमच्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक कोणती? तेव्हा मी हीच सांगते. मी काही घाबरले नाही, विसरले नाही, औषध चुकवलं नाही. फक्त जन्मल्यापासून जे अंगात होतं ते अंगानं केलं. डोळे आपोआप मिटले.

"त्येका सुखरूप उठय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जशी झोप दिलंस, तशी जाग दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आपाकाकांना थांबता येईना. थांबले असते तर पुढे काय ते कळलं असतं, आणि तेच तर त्यांना कळून घ्यायचं नव्हतं. गावचा देव झाला, वाडीचा देव झाला, खाडीपलीकडचे देव सुरू झाले. लवंगेच्या आणि फेणीच्या वासात मी आपली डुलत होते. मग कंपनीच्या मेलेल्या पेटीवाल्याचं नाव आलं, "त्येका झाला तसा ह्येका नको रे म्हाराजाऽ", आणि मी खाडकन डोळे उघडले.

संकासूर पाठीवर होता. पोट वर, सोगा पसरलेला. कल्ले बंद.

"व्हय म्हाराजा! व्हय म्हाराजा! व्हय म्हाराजा!" मी केकाटले. नियम मोडणं मला जमलं नाही, म्हणून मी गाऱ्हाणंच संपवून टाकलं. आपाकाकांचं तोंड उघडंच राहिलं. मी माशाला दोन्ही हातांनी उचलून स्वच्छ पाण्यात घातलं आणि तोंड पुढे धरून हळूहळू पुढे नेऊ लागले, घमेल्यात गोल गोल, पाणी तोंडातून जाऊन कल्ल्यांतून निघावं म्हणून. सरांनी दाखवलं होतं तसंच. मासा हातात केळीच्या सोपटासारखा लुळा.

"काय झाला?" आपाकाकांनी विचारलं. "शुभा? काय झाला गो?"

दादांनी तोंड उघडलं. डांबराचं उत्तर त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. मी आधी बोलले. "आपाकाका, तो जास्त निजलो. माझी नजर हलली. श्वास नाय घेणा. मी उठवतंय."

ते चाचपत घमेल्यापाशी आले, उकिडवे बसले आणि अंगठीनं घमेल्याच्या काठावर वाजवू लागले. ताक धिन्, ताक धिन्, धाऽ. मी पाणी फिरवत होते, ते वाजवत होते. एक फेरी, दुसरी, दहावी. आईनं पदर तोंडात धरला होता. आणि मग माझ्या बोटांना, डोळ्यांच्याही आधी बोटांना, एक कल्ला उघडल्याचं कळलं. पापणीएवढी हालचाल. थोड्या वेळानं दुसरी. आज मी या विषयात पदवी घेतलेली बाई आहे आणि मला पक्कं ठाऊक आहे की त्याला पाण्यानं उठवलं, ठेक्यानं नव्हे. पण तो पहिला कल्ला 'धा'वर उघडला. हे मी कुठल्याही व्याख्यानात सांगत नाही.

"चालू झालो," मी म्हटलं आणि रडू लागले.

"रडतंस काय!" आई ओरडली. "अजून निजल्यालोच आसा तो. आताच काप, नायतर परत काय तुका ह्या जमूचा नाय!" आईनं कात्री माझ्या हातात कोंबली, रोवळीतल्या ओल्या पंचावर मासा धरला आणि वाटीनं त्याच्या कल्ल्यांवर पाणी सोडू लागली. तिचे हात आयुष्यभर बांगडे साफ केलेले, त्यामुळे मासा कसा धरायचा हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी टोपाचा कडेचा भाग उचलला, कापला. मऊ, जणू ओल्या खोबऱ्याचा चुरा. खालून एक गोल, स्वच्छ, आश्चर्यचकित डोळा बाहेर आला. मग दुसरा. पाण्यात सोडल्यावर तो थोडा वेळ कलता राहिला, मग सरळ झाला, आणि मग त्यानं घमेल्याला एक पूर्ण फेरी मारली. कुठेही न थडकता.

"उठलो?" आपाकाकांनी विचारलं.

"उठलो," आम्ही तिघं एकदम म्हणालो.

"जास्त निजान सुदा उठलो," ते स्वतःशीच म्हणाले. त्यांच्यावर परिणाम झाला तो माझ्या कौशल्याचा नव्हे, चुकीचा. चूक होऊनही माणूस उठू शकतो, हे त्यांना बघायचं होतं.

कुडाळला त्यांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि तिथे त्यांची घोर निराशा झाली. डॉक्टरांनी त्यांना झोपवलंच नाही. डोळ्यापाशी एक सुई टोचली, बस. मरणाच्या तयारीनं गेलेला नट जागाच राहिला, आणि बाहेर येऊन म्हणाला, "ह्येच्यासाठी मी दोन वर्सां आंधळो रवलंय?"

पट्टी सुटली तेव्हा त्यांनी आधी दादांकडे बघितलं, "म्हातारो झालंस" म्हणाले. मग घरी येऊन थेट मागीलदारी गेले. आम्ही मागे मागे. त्या गडबडीत एक गोष्ट आम्ही तिघंही साफ विसरलो होतो.

आपाकाका रिंगपाशी वाकले. पाण्यात एक सोनेरी-तांबडा मासा फिरत होता.

ते ओरडतील असं मला वाटलं. ते ओरडले नाहीत. फार हळू म्हणाले, "ह्यो कोण?" आणि मग माझ्याकडे न बघता, "मेलो मां तो? त्याच दिवशी मेलो. आणि तुमी दुसरो हाडून घातलास. माका फसवून न्हेलास."

"नाय हो आपाकाका! तो रंग बदललो. खूप आधीच बदललो, आमी तुमका..."

"काळो आसा म्हणा होतंस. रोज म्हणा होतंस." त्यांनी एकच डोळा माझ्यावर रोखला. "आता खरा कसा मानू? आणि आयक. ह्यो डावो डोळो असोच रवतलो. तेका कोणी हात लावूचो नाय."

दादांनी रंगपेशींबद्दल काहीतरी सांगायला सुरुवात केली आणि स्वतःच थांबले. आमच्यापाशी पुरावा नव्हता. आम्हीच तो रोज संध्याकाळी थोडा थोडा उधळला होता. मी म्हटलं, "आपाकाका, वाजवा."

"अनोळखी माशाक?"

"वाजवा तरी."

त्यांनी नाइलाजानं हात उचलला. अंगठी कठड्यावर टेकवली, पण वाजवेनात. आला नसता तर, ही भीती असणार. आणि आला तर, याची त्याहून जास्त. मग अगदी हलक्या हातानं वाजवलं. ताक धिन्. ताक धिन्.

धाऽ.

मासा तळाकडून सरळ वर आला. आधी यायचा तसा चाचपत, कठड्याला आपटत नव्हे. सरळ, बाण सुटावा तसा, त्यांच्या बोटापाशी. तोंड पाण्याबाहेर काढून त्यानं अंगठी चोखली. दोन्ही डोळे उघडे, आणि टोपाच्या दोन्ही बाजूंना माझ्या वेड्यावाकड्या कात्रीच्या खुणा.

आपाकाका बघत राहिले. त्यांचा एक डोळा, त्याचे दोन. किती वेळ, ते दादांनीही मोजलं नाही. मग त्यांच्या खांद्यांची हालचाल झाली. मला वाटलं रडताहेत, पण ते हसत होते, पोट धरून, संकासुराचं ते जुनं खाकरतं हसू.

"संकासूर खंयचो आसा ह्यो! काळो बुरखो टाकून मासो झालो. गोष्टीतलोच मासो!" त्यांनी हात जोडले. "चाळीस वर्सां रोज ह्येच्या हातान मेलंय मी. आणि शेवटाक ह्येनाच माका डोळो दिल्यान." मग बोट ओलं तसंच ठेवून दादांकडे वळले. "डाव्या डोळ्याची तारीख घे रे. पण गाऱ्हाणा मी घालूचंय नाय. शुभा घालतली."

त्या काळात बाईमाणसानं गाऱ्हाणं घालायची आमच्याकडे पद्धत नव्हती. आई म्हणाली, "लोक काय म्हणतले?"

"म्हणांदेत. तिका केदवा थांबवूचा ता कळता."

दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात, औषधांच्या वासात, मी हात जोडून उभी राहिले. डोळे उघडे ठेवून. "बा देवा म्हाराजा, माझ्या काकाक बघूक दी," एवढंच म्हटलं आणि थांबले. आई म्हणाली, दादा म्हणाले, आणि बंद दाराआडून, टेबलावर आडव्या पडलेल्या, डोळ्याला सुई टोचलेल्या माणसाचा खणखणीत आवाज आला, सगळा दवाखाना दचकेल असा:

"व्हय म्हाराजा!"